दोनशे बारा बाटल्यांचं बारसं

वायरापाम्पाच्या विद्यापीठात आवक-टेबलावर मी एकोणीस वर्षं बसतो आहे. इथे येणारा प्रत्येक कागद, मग तो रेक्टरांच्या परदेश दौऱ्याचा असो की शिपायाच्या बुटांचा, आधी माझ्यासमोर येतो. मी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक देतो, तारीख आणि वेळ लिहितो आणि पुढे पाठवतो. वाचत मात्र नाही. आमच्याकडे नियमच तसा आहे. ज्याने कागद वाचला त्याला विषय कळला असं धरतात, आणि ज्याला विषय कळला तो जबाबदार. एकोणीस वर्षांत माझ्यावर एकदाही ठपका आलेला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय मी या न वाचण्याला देतो.

नऊ मार्चला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी रसायनशास्त्राच्या लॅब असिस्टंट डोन्या एर्लिंडा चोकेवांका अर्ज घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या, दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या. विद्यापीठात एकतीस वर्षं झालेली. आमच्याकडे मानाने बाईला डोन्या म्हणतात आणि पुरुषाला डॉन.

"डॉन सेनोबियो, हा कागद वाचा आणि मगच पुढे पाठवा."

"डोन्या, वाचणं माझ्या कामात बसत नाही."

"मग ऐका तरी."

ऐकण्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही, म्हणून ऐकलं.

त्यांच्या कोठीत, पहिल्या मजल्यावर, भिंतीकडच्या दुसऱ्या फळीवर पिक्रिक ॲसिडची एक बाटली होती. ती कैलासवासी प्रोफेसर आरुनातेगींनी कधीकाळी मागवली होती. हे ॲसिड ओलं असेपर्यंत गरीब असतं. वाळलं की त्याचा बाँब होतो. झाकण फिरवलं, बाटली आपटली, की संपलं. प्रोफेसर होते तोवर दर सहा महिन्यांनी आठवणीने पाणी घालायचे. ते गेले, पाणी घालणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं, आणि बाईंच्या लक्षात आलं तेव्हा झाकणाच्या कडेने पिवळे खडे धरले होते. त्या दिवशी बाईंनी आपली खुर्ची उचलून त्या फळीसमोर ठेवली. अकरा वर्षं त्या तिथेच बसून नोंदी लिहितात, डबा खातात, लोकर विणतात. कोणी त्या फळीकडे हात नेला की त्या उठत नाहीत, एवढाच त्यांचा बंदोबस्त. कोठीच्या बरोबर खाली विद्यार्थ्यांची खानावळ आहे. दुपारी चारशे ताटं लागतात.

"तीस जूनला मी रिटायर होतेय," बाई म्हणाल्या. "त्याच्या आत ती बाटली नीट, माणसांनी यायचं तशी माणसं येऊन, इथून गेली पाहिजे. मी गेल्यावर त्या खुर्चीत कोण बसणार?"

"तो पदभरतीचा विषय झाला. त्याला वेगळा अर्ज लागतो."

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे सतरा.

तीन आठवड्यांनी मालमत्ता विभागाचं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की सदर बाटली कचरा नाही. विद्यापीठाला ज्याची गरज नाही तो कचरा. मालमत्तेच्या यादीत जे आहे त्याची विद्यापीठाला गरज आहे. बाटली यादीत आहे. यादीतून काढायची तर प्रत्यक्ष पडताळणी करावी लागेल, म्हणजे बाटली उचलून, वजन करून, बुडाला नवीन चिकटपट्टी लावावी लागेल. बाईंनी उलट लिहिलं की ती उचलता येत नाही. मालमत्ता विभागाने यावर बराच विचार केला असावा, कारण उत्तर सुबक होतं. उचलता न येणारी मालमत्ता ही स्थावर मालमत्ता होय. त्या दिवसापासून ती बाटली जंगम वस्तूंच्या वहीतून निघाली आणि ग्रंथालय, व्यायामशाळा आणि रेक्टरांचा बंगला यांच्या ओळीत जाऊन बसली.

बाईंनी हे उत्तर घडी करून विणकामाच्या पिशवीत ठेवलं. एप्रिल संपत आला होता.

मे महिन्यात राजधानीहून, म्हणजे लीमाहून, पत्र आलं. परवाना मंडळाचे दोन सदस्य जूनच्या शेवटच्या आठवड्यात पर्यावरणविषयक नियमांचं पालन तपासायला येणार होते. परवाना गेला तर विद्यापीठ गेलं, म्हणून रेक्टर डॉ. आनिसेतो बाल्कार्सेल यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आमच्या विद्यापीठात धोकादायक कचरा शून्य असेल. शून्य कसा करायचा हे बघायला पर्यावरण कक्ष निघाला आणि त्यावर इंजिनिअर रोम्मेल पालोमिनो यांची नेमणूक झाली.

इंजिनिअर तरुण, उत्साही, आणि हिरव्या जाकिटाशिवाय कोणाला दिसलेला नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने सात रंगांच्या सात कचरापेट्या आणल्या. लाल पेटी धोकादायक कचऱ्याची. ती सगळ्यांत देखणी होती, म्हणून ती मुख्य फाटकाशी ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती मक्याच्या बुरकुंडांनी आणि कोंबडीच्या हाडांनी गच्च भरली. लाल पेटीत पडलेलं ते धोकादायक, अशी व्याख्या असल्यामुळे इंजिनिअरने हातमोजे घालून रोज ती हाडं मोजली आणि अहवाल दिला की विद्यापीठात दररोज अठरा किलो धोकादायक कचरा निर्माण होतो. रेक्टरांना धक्का बसला. मग हाडं कमी करण्यासाठी उपसमिती नेमली गेली.

डोन्या एर्लिंडा इंजिनिअरला माझ्याच टेबलापाशी गाठत.

"इंजिनिअर, हाडं राहू द्या हो. माझी बाटली बघा."

"डोन्या, तुमची बाटली सध्या इमारत आहे. इमारतीचा कचरा करायचा तर आधी पाडायची परवानगी लागते."

"ती पडली ना, की बाकीच्या इमारतींना परवानगी लागायची नाही."

इंजिनिअर हसला, पण पोरगा मनाने वाईट नव्हता. तो कोठीत गेला, बाटली लांबून पाहिली, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा जाकिटाच्या रंगाचा झाला होता. त्याने कोठीतल्या सगळ्या जुन्या बाटल्या मोजल्या. दोनशे बारा भरल्या. मालमत्ता विभागाशी भांडून त्याने त्या सगळ्यांना एका झटक्यात कचरा ठरवून घेतलं, पिक्रिकवालीसकट. यादीतून नाव मात्र विभागाने काढू दिलं नाही. ते कचरा गेल्यावर काढायचं असतं.

आता फक्त लीमाच्या परवानाधारक कंपनीला गाडी पाठवायला सांगायचं होतं. त्यासाठी प्रत्येक बाटलीमागे एक फॉर्म भरायचा होता. फॉर्मात एक चौकट होती: "कचरा निर्माण करणाऱ्याचं नाव व सही." ज्याचं नाव चौकटीत, तो त्या बाटलीचा शेवट होईपर्यंत जबाबदार. बाटल्या निर्माण करणारे बहुतेक सगळे वारले होते, उरलेले रिटायर झाले होते, आणि एक स्पेनमध्ये रेस्टॉरंट चालवत होता. इंजिनिअरने आरुनातेगींच्या नावापुढे क्रूस काढून फॉर्म पाठवून पाहिला. "सही जुळत नाही" म्हणून तो परत आला. जिवंत माणसांपैकी सगळ्या विभागप्रमुखांनी कानावर हात ठेवले. इंजिनिअर स्वतः सही करायला तयार होता, पण त्याची नेमणूक तीन महिन्यांची होती आणि तीन महिन्यांचा माणूस जबाबदार असू शकत नाही, असा अभिप्राय कायदा विभागाने दिला. डोन्या एर्लिंडाही तयार होत्या. त्या तर महिन्याभरात जाणार होत्या.

इथे घोडं अडलं, आणि ते रेक्टरांच्या शिष्टाचार-अधिकारी सेन्योरा मारिलू यांनी सोडवलं.

आमच्याकडे पाद्रिनोशिवाय पान हलत नाही. पाद्रिनो म्हणजे मानलेला बाप. पोराच्या बाप्तिस्म्याला तो लागतोच, पण लग्नातल्या केकचा वेगळा असतो, बँडचा वेगळा, गावातल्या नव्या पाण्याच्या टाकीचा वेगळा. फुटबॉलच्या चेंडूलाही मी पाद्रिनो पाहिला आहे. पाद्रिनोने हार घालून घ्यायचा, फोटोत मधोमध उभं राहायचं, भाषण करायचं, आणि लेकराला जन्मभर अंतर द्यायचं नाही. यातलं शेवटचं सोडून सगळं लोक मनापासून पाळतात.

"बाटल्या अनाथ आहेत ना?" मारिलू बैठकीत म्हणाल्या. "मग त्यांना पाद्रिनो द्या. जबाबदारी म्हटलं की लोक पळतात. पाद्रिनो म्हटलं की सूट शिवायला टाकतात."

आणि तसंच झालं. दोन दिवसांत माझ्या टेबलापुढे रांग लागली. डिस्टिल्ड वॉटर कायदा विभागाच्या प्रमुखांनी पहिल्या तासात पटकावलं. मिठाच्या बाटलीसाठी तिघे भांडले, शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. गंधकाम्ल क्रीडा विभागाने घेतलं, त्यांना ते नाव मर्दानी वाटलं. प्रत्येकाने आपल्या बाटलीला लाल-पांढरी फीत बांधली, काहींनी नावंही ठेवली. फॉर्म समोर आल्यावर मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की "जबाबदार" हा शब्द फार रुक्ष आहे. तो खोडून "हितचिंतक" असा शब्द घालण्यात आला आणि सह्या धडाधड झाल्या.

लीमाच्या कंपनीने कळवलं की हितचिंतकांचा कचरा आम्ही उचलत नाही. ते पत्र माझ्याकडे आलं. मी शिक्का मारून इंजिनिअरच्या टेबलावर पाठवलं, आणि तिथे ते निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली गेलं. एव्हाना त्याचं कोणाला काही वाटलंही नसतं. कारण तोवर रेक्टरांच्या ध्यानात आलं होतं की बाटल्या जायची गरजच नाही. पाद्रिनो असलेली बाटली म्हणजे मानलेलं लेकरू, आणि लेकराला कोणी कचरा म्हणत नाही. कचरा शून्यच भरत होता.

दोनशे अकरा बाटल्यांना माणसं मिळाली. पिक्रिकवाली तेवढी राहिली. तिच्यावर डोन्या एर्लिंडांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, "हात लावू नका." मारिलूंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. जिला कोणी हात लावत नाही, ती सगळ्यांत मोठ्या माणसासाठीच राखलेली असणार. रेक्टर तिचे पाद्रिनो झाले. बाईंनी बाटलीला फीत बांधू दिली नाही, फळीच्या खिळ्याला बांधू दिली.

मी त्या दिवशी जरा आडूनच विचारलं, "डोन्या, रेक्टरांना सांगितलंत का?"

"भेटायला तीनदा गेले. मारिलू म्हणते, आधी आवक-टेबलावर अर्ज द्या."

मी कागद आवरायला घेतले.

समारंभ जूनच्या शेवटच्या सोमवारी दुपारी बारा वाजता ठेवला होता. लीमाचे दोन्ही सदस्य आले, हितचिंतक आले, बँड आला. जागा थोडी असल्यामुळे सगळे कोठीच्या दारातल्या व्हरांड्यात दाटीने उभे राहिले. खालून मसुराचा वास येत होता. सोमवारी दुसरं काही शिजतच नाही. इतिवृत्त लिहायला मी होतो, शिक्क्यासकट.

बँडने ताल धरला तशा फळ्यांवरच्या बाटल्या बारीक किणकिणू लागल्या. आतून डोन्या एर्लिंडांचा आवाज आला, "तो मोठा ढोल बंद करा आधी." लीमाच्या एका सदस्याने ध्वनिप्रदूषणाबाबत जागरूकता अशी नोंद केली.

भाषणं झाली. आता रेक्टरांनी फीत बांधलेली वाइनची बाटली छोट्या हातोडीने फोडायची की झालं उद्घाटन. टाकी असो नाहीतर बँक, आमच्याकडे पाद्रिनो बाटली फोडतोच. पण दारावर टांगलेली बाटली दिसेना. सकाळी इंजिनिअर पालोमिनोने ती तपासली होती. बारा टक्के मद्यार्क, ज्वालाग्राही, सोबत माहितीपत्रक नाही. त्याने ती लाल पेटीत टाकली होती, आणि लाल पेटीत पडलेलं बाहेर काढायला अर्ज लागतो.

रेक्टर हातोडी घेऊन उभे. फोटोसाठी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"बाटली कुठंय?"

मारिलूंनी आत डोकावून पाहिलं. फीत दिसली. "आत आहे डॉक्टर. तुमचीच आहे."

रेक्टर आत गेले. मागोमाग पाहुणे, मागोमाग मी. फळीसमोर खुर्ची, खुर्चीत डोन्या एर्लिंडा, मांडीवर अर्धा विणलेला स्वेटर.

"उठा डोन्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं लागायची नाहीत, डॉक्टर. एक टोला पुरे. मग तुम्ही, मी, हे पाहुणे आणि खालची चारशे पोरं, सगळे एकाच यादीत."

"कसली यादी?"

"ती करायला कोणी उरलं तर कळेल."

रेक्टरांनी चष्मा लावला. लाल अक्षरं वाचली, झाकणाभोवतीचे पिवळे खडे पाहिले, हातोडी हळूच मारिलूंच्या हातात दिली. "हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"मार्चपासून सांगतेय. क्रमांक चारशे सतरा."

सगळे माझ्याकडे वळले. मी वही उघडली. "चारशे सतरा स्वीकारला आहे, डॉक्टर. नऊ मार्च, दहा वाजून चार मिनिटं."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"वाचलेलं नाही, डॉक्टर."

हे अगदी नियमाला धरून होतं आणि अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी डोन्या एर्लिंडांच्या नजरेला नजर द्यायला मला लाज वाटली, कारण वाचलं नसलं तरी मी सगळं ऐकलं होतं.

नंतर कोठी रिकामी झाली. पळतानाही कोणी मानक्रम मोडला नाही. आधी रेक्टर, मग लीमाचे सदस्य, मग विभागप्रमुख ज्येष्ठतेनुसार, शेवटी बँड. मी दारात घुटमळलो.

"सेनोबियो," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, पहिल्यांदाच डॉन न लावता, "खाली जा. पोरांना बाहेर काढ. पळवू नकोस, चालव."

लेखी आदेश नव्हता. तरी गेलो. चारशे पोरं हातात मसुराची ताटं घेऊन मैदानात आली आणि तिथेच बसून जेवली.

पोलिसांच्या बाँबपथकाची दोन माणसं आली. त्यांनी फवाऱ्याने बाटली भिजवली, वाळूच्या बादलीत ठेवली आणि गावाबाहेरच्या दगडखाणीत नेली. निघताना एकाने विचारलं, "या खुर्चीत कोण बसायचं?" बाई म्हणाल्या, "मी." त्याने शिरस्त्राण काढून हातात घेतलं. तीन वाजता खाणीकडून असा आवाज आला की सबंध गावाच्या खिडक्या वाजल्या. त्या दोघांनी आमच्याकडे एकही कागद मागितला नाही, त्यामुळे ते आले होते याची विद्यापीठात कुठेही नोंद नाही.

परवाना टिकला. अहवालात धोकादायक कचरा शून्य, आणि "आपत्कालीन निर्गमनाचा सराव अनुकरणीय" असं म्हटलं होतं.

तीस जूनला डोन्या एर्लिंडा कार्यभार सोपवायला गेल्या. यादीत बाटल्या दोनशे बारा, फळीवर दोनशे अकरा. एक कमी. ती बाहेर गेल्याचा कागद नाही, म्हणजे ती गहाळ. कार्यभार अपुरा असेल तर माणूस मोकळा होत नाही. मालमत्ता विभागाने बाईंच्या सेवेचा विचार करून सौम्य तोडगा काढला: वस्तूच्या बदल्यात तीच वस्तू ठेवावी.

त्यावर मंजुरी, दरपत्रकं, समिती हे सगळं रीतसर झालं. तोवर बाई रोज येऊन रिकाम्या जागेसमोर खुर्चीत बसत होत्या. स्वेटर पुरा झाला, दुसरा सुरू झाला. एक ऑक्टोबरला लीमाहून पिक्रिक ॲसिडची नवीकोरी बाटली आली, पहिलीच्या दुप्पट, कारण लहान आकार आता मिळत नाही. ती भिंतीकडच्या दुसऱ्या फळीवर ठेवण्यात आली. दोनशे बारा भरल्या. पाद्रिनो रेक्टरच, पण हितचिंतक म्हणून. बाईंना स्मृतिचिन्ह मिळालं. कोठीत जादा आढळलेली खुर्ची मालमत्ता विभागाने रेक्टरांच्या अभ्यागत कक्षात नेली.

जाण्याआधी डोन्या एर्लिंडा एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"डॉन सेनोबियो, निदान हा तरी वाचा."

"डोन्या, तुम्हाला नियम ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, कागद टेबलावर ठेवला आणि चारच्या गाडीने लेकीकडे ताक्नाला गेल्या.

मी शिक्का मारला. क्रमांक तेराशे सहा. पण पुढे कोणाला पाठवायचा हे ठरेना. त्यातला विषय एकाही विभागाच्या कामात लिहिलेला नाही. तो माझ्या खणात आहे, आणि खण उघडला की मला कोठीखालच्या खानावळीचा वास येतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. बाटली ओली आहे तोवर गरीब आहे आणि दर सहा महिन्यांनी तिच्यात गळ्यापर्यंत पाणी घालायचं, असं त्यात लिहिलेलं असावं. असावं म्हणतो, कारण मी वाचलेलं नाही.

म्हणून मी ही हकिगत जोडपत्र म्हणून लिहून काढली. लिहिण्याबद्दलही नियमात काही म्हटलेलं नाही. जोडपत्र मी लिहिलं आहे, वाचलेलं नाही. वाचलं आहे ते तुम्ही, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, आणि नियम मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला होता. तारीख आणि वेळ मी टाकून ठेवली आहे, चौकटीत तुमचं नाव तेवढं सुवाच्य अक्षरात लिहा. पाणी एक एप्रिलला घालायचं आहे.